लिझ क्रिस्टी सामुदायिक उद्यान

लिझ क्रिस्टी सामुदायिक उद्यान हे अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागातील, स्थानिक रहिवाशांनी उभारलेले व स्वयंसेवकांकडून चालविले जाणारे उद्यान आहे. बावरी आणि हाउस्टन हे रस्ते जेथे मिळतात त्या चौकालगत ते वसलेले आहे. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी या चित्रकर्तीने सहकाऱ्यांसह त्याचा आरंभ केला. शहरातील आधुनिक सामुदायिक उद्यानांपैकी पहिले म्हणून ते ओळखले जाते. येथे भरविल्या गेलेल्या बागकाम कार्यशाळांमुळे शहराच्या इतर भागांतील रहिवाशांनाही आपापल्या वस्तीत बागा उभारण्याचे मार्गदर्शन मिळाले.

पार्श्वभूमी

न्यू यॉर्कमध्ये बागकामाच्या शिक्षणाची परंपरा याहून जुनी आहे. १९०२ मध्ये मॅनहॅटनमधील डेविट क्लिंटन उद्यानात फॅनी ग्रिस्कॉम पार्सन्स यांनी मुलांसाठी शेतशाळा सुरू केली. दाट वस्तीत राहणाऱ्या मुलांना तेथे स्वतःच्या छोट्या वाफ्यात भाज्या पिकविता येत. ब्रुकलिन वनस्पती उद्यानातील मुलांची बाग १९१४ पासून चालू आहे.

१९७०च्या दशकात शहर तीव्र आर्थिक संकटात सापडले. लोअर ईस्ट साइडसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतून अनेक घरमालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या. काही इमारती आगीत जळाल्या, काही पाडण्यात आल्या. करथकबाकीमुळे अशा असंख्य जागा महापालिकेच्या ताब्यात आल्या व त्यांवर विटामातीचे ढिगारे आणि कचरा साचत गेला.

स्थापना

बावरी–हाउस्टन चौकातील अशाच एका पडीक जागेकडे क्रिस्टी यांचे लक्ष गेले. त्यांच्या गटाने 'ग्रीन गुरिलाज' हे नाव धारण केले होते. बी, खत व पाणी भरलेले फुगे कुंपणापलीकडील ओसाड जागांत फेकणे, हा या गटाचा सुरुवातीचा गाजलेला उपक्रम होय. मात्र असे उगवलेले रोप टिकविण्यासाठी जागेवर हक्काने वावरता येणे आवश्यक होते. म्हणून गटाने महापालिकेच्या गृहनिर्माण विभागाकडे रीतसर मागणी केली आणि १९७४ मध्ये दरमहा एक डॉलर भाड्याने ही जागा मिळविली.

स्वयंसेवकांनी कचरा उपसला, बाहेरून सुपीक माती आणून पसरली आणि कुंपण घातले. प्रारंभी ६० गादीवाफे तयार करून त्यांत भाज्या लावण्यात आल्या. पुढे वृक्ष व फुलझाडे आली.

कार्यशाळा व शिक्षणकार्य

उद्यान आकाराला येताच अन्य वस्त्यांतील रहिवासी विचारणा करू लागले. त्यांच्यासाठी गटाने कार्यशाळा भरविण्यास सुरुवात केली. निकृष्ट माती, अपुरे ऊन आणि रस्त्यावरचा धूर यांत कोणत्या वनस्पती तग धरतात, हे पाहण्यासाठी बागेतील वाफ्यांत प्रयोग केले जात. शिकायला आलेल्यांसमोर प्रत्यक्ष वाफाच उदाहरण म्हणून असे. जादा रोपेही नव्या बागांना दिली जात. क्रिस्टी यांनी शहराच्या पर्यावरण परिषदेत मोकळ्या जागा हिरव्या करण्याच्या कार्यक्रमाचे नेतृत्व केले, तसेच 'ग्रो युअर ओन' या नभोवाणी कार्यक्रमातून हा विषय घराघरांत नेला.

१९७८ मध्ये महापालिकेने 'ग्रीनथंब' हा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या कार्यशाळांत बियाणे, माती, लाकूड व अवजारे यांचे वाटपही होत असल्याने शिकलेले लगेच करून पाहण्याची सोय झाली. १९९३ पासून वनस्पती उद्यानांच्या सहकार्याने ओल्या कचऱ्यापासून कंपोस्ट खत बनविण्याचे शिक्षण दिले जाऊ लागले. प्रगत अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांनी ठरावीक तास सेवा देऊन ते ज्ञान पुढे पोहोचवावे, अशी त्यात अपेक्षा असे.

या वस्त्यांतील शिक्षण एकाच दिशेने चालले नाही. पोर्तो रिकोहून आलेल्या अनेक कुटुंबांना शेतीचा अनुभव होता. त्यांनी बागांत मायदेशातील भाज्या लावल्या आणि 'कासिता' नावाची लाकडी घरटीवजा खोपटी उभारून तेथे एकत्र बसण्याची जागा केली.

मातीची सुरक्षितता

पाडलेल्या इमारतींच्या जागी लागवड करताना सर्वांत मोठा धोका शिशाचा असतो. अमेरिकेत घरांच्या रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. तोपर्यंत जुना रंग आणि शिसेयुक्त पेट्रोलचा धूर यांतून ते जमिनीत मिसळले होते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस शिसे अपायकारक ठरते. त्यामुळे लागवडीपूर्वी माती तपासून घेणे, बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचे गादीवाफे करणे, उघड्या जमिनीवर आच्छादन घालणे आणि भाज्या व हात नीट धुणे हे शहरी बागकामाचे प्राथमिक पाठ मानले जातात.

जमिनीचा प्रश्न

बहुतेक बागांना जागा तात्पुरत्या कराराने मिळाल्या होत्या. रहिवाशांच्या श्रमाने परिसर सुधारला, जमिनींचे भाव वाढले आणि त्याच जागा घरबांधणीसाठी हव्याशा झाल्या. परवडणाऱ्या घरांची गरजही खरी असल्याने हा वाद केवळ बागप्रेमी आणि बांधकाम व्यावसायिक यांच्यापुरता राहिला नाही. १९८६ मध्ये ॲडम पर्पल यांची 'गार्डन ऑफ ईडन' ही बाग नष्ट करण्यात आली.

१९९९ मध्ये महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने शंभराहून अधिक बागांचा लिलाव जाहीर केला. 'ट्रस्ट फॉर पब्लिक लँड' आणि अभिनेत्री बेट मिडलर यांची 'न्यू यॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट' या संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर देऊन लिलावापूर्वीच त्या विकत घेतल्या. तरीही फेब्रुवारी २००० मध्ये 'एस्पेरान्सा' (स्पॅनिश भाषेत 'आशा') ही बाग बुलडोझरखाली गेली. २००२ मध्ये महापालिका आणि राज्याचे महान्यायवादी यांच्यात झालेल्या तडजोडीने शेकडो बागांना संरक्षण मिळाले. काही जागा मात्र बांधकामासाठी मोकळ्या करण्यात आल्या. बावरी–हाउस्टन येथील उद्यान स्थानिकांच्या प्रयत्नांमुळे टिकून राहिले.

सद्यस्थिती

क्रिस्टी यांचे १९८५ मध्ये निधन झाले. त्यानंतर उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. आज तेथे भाज्यांचे वाफे, द्राक्षांचा मांडव, मासे व कासवे असलेले तळे आणि डॉन रेडवूड हा उंच वृक्ष आहे. या वृक्षाचा वंश आधी जीवाश्मांवरून ज्ञात झाला आणि त्याचे जिवंत वृक्ष १९४०च्या दशकात चीनमध्ये ओळखले गेले. ठरावीक वेळी उद्यान सर्वांसाठी खुले असते. ग्रीनथंबच्या छत्राखाली आज शहरात ५०० हून अधिक बागा आहेत.