फवारणीच्या इतिहासातले न दिसणारे पान

परभणीला 18 मे 1972 रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे तिथेच जागतिक बँकेच्या साहाय्याने यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांच्या शेतीवापराचा प्रकल्प आला. 25 ऑगस्ट 2021 ला देशाची ड्रोन नियमावली लागू झाली. फवारणीचा पाठीवरच्या पंपापासून ड्रोनपर्यंतचा प्रवास एरवी टाकी आणि नोझलच्या भाषेत सांगितला जातो. माझ्या मते त्यातला निर्णायक टप्पा ड्रोनचा तोल सांभाळणाऱ्या फ्लाइट कंट्रोलरमधल्या फिल्टरचा आहे. पात्यांची थरथर डोलणे मोजणाऱ्या जायरोपर्यंत पोचते, आणि फिल्टरने ती गाळली नाही तर कंट्रोलर तिलाच डोलणे समजून मोटरींना धावपळ करायला लावतो. मात्र गाळणी जितकी कडक, तितका प्रतिसादाला उशीर. 2019 च्या बीटाफ्लाइट 4.0 या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरने मोटरींच्या फेऱ्यांमागोमाग सरकणारे फिल्टर आणले ते लहान, वेगवान ड्रोनसाठी. फवारणी ड्रोनची मोठी पाती मात्र सावकाश फिरतात, त्यांची थरथर नियंत्रणाच्याच पट्ट्याजवळ येते.

कारखान्याने सेटिंग लावून दिल्यावर शेतात उड्डाणाचे लॉग कशाला वाचायचे, असे विचारले जाते. पण 25 किलोचे भरलेले यंत्र 10 लिटर फवारून 15 किलोवर येते, तेव्हा तरंगण्यासाठी लागणाऱ्या फेऱ्या सुमारे 23 टक्क्यांनी घटतात. 40 हर्ट्झची थरथर 31 वर उतरते. एकाच वारंवारितेवर रोवलेला, तेवढाच पट्टा कापणारा नॉच फिल्टर तिथे हुकतो. म्हणून सोयाबीनवर उतरण्याआधी भरल्या आणि रिकाम्या, दोन्ही टाक्यांचे लॉग पाहायला हवेत.