शिधा ते शिवार : आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील एक विस्मृत पान

चिखला गावाची ओळख मँगनीजच्या खाणीमुळे, तर भंडारा जिल्ह्याची ओळख धान आणि तलाव यांमुळे सर्वदूर झाली आहे. परंतु मायभूमीला पारखा झालेला एक समाज याच जिल्ह्यात स्थिरावला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या विस्मरणात गेली आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या परिसरात १९७२ मध्ये 'नोर्ग्येलिंग' ही तिबेटी वसाहत वसविण्यात आली. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ही वसाहत तिकडे गेली. तथापि तिची पहिली सत्तावीस वर्षे भंडारा जिल्ह्याच्याच इतिहासाचा भाग होत.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आश्रयास आले. त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले. आसामातील मिसामारी व बंगालमधील बक्सा येथे त्यांच्यासाठी छावण्या उघडण्यात आल्या. भाजलेल्या सातूचे पीठ आणि लोणी घातलेला खारा चहा हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार, त्यांच्या पानात आता तांदूळ आणि डाळ आली. दमट उष्मा, दाटीवाटी आणि अनोळखी अन्न यांमुळे पोटाचे विकार बळावले; क्षयाने कित्येकांचा बळी घेतला. अन्न मिळत होते, पण अंगी लागत नव्हते.

केवळ पोट भरणे म्हणजे पोषण नव्हे, याचे विदारक उदाहरण पुढे आफ्रिकेत घडले. मलावी देशातील मोझांबिकच्या निर्वासितांचा मुख्य शिधा मका हा होता. त्यासोबत मिळणाऱ्या शेंगदाण्याचे वाटप खंडित झाले आणि १९९० मध्ये अठरा हजारांहून अधिक लोकांना पेलाग्रा हा रोग जडला. शेंगदाण्यातून मिळणारे नायासिन हे जीवनसत्त्व नाहीसे होताच कातडी सोलवटू लागली. आज छावणीतील शिध्यासाठी दरमाणशी दररोज २१०० कॅलरी हे प्रमाण धरले जाते. परंतु मूठभर शेंगदाण्यांचे मोल त्या आकड्यात दिसत नाही.

नोर्ग्येलिंगचे महत्त्व येथेच आहे. शिध्याचे माप देणारा ठरवितो; शेतात काय पेरावे हे कसणारा ठरवितो. थंड पठारावरून आलेल्या या लोकांनी विदर्भाच्या प्रखर उन्हात धानाची शेती आपलीशी केली. अर्थात केवळ जमिनीने सर्व प्रश्न सुटले, असे म्हणता येणार नाही. पावसावर विसंबलेले धान कुटुंबाला वर्षभर पुरेलच असे नाही, हे येथील शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको. म्हणून देशभरातील तिबेटी वसाहतींप्रमाणे येथील कुटुंबांनीही हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकण्याच्या व्यवसायाची जोड घेतली. शेतातील धान्य आणि हातातील पैसा या दोहोंच्या आधारे ताटात भाजी, डाळ, दूध येऊ शकते.

२०२२ मध्ये जगातील सक्तीने विस्थापित झालेल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. अशांसाठी मदतीचा हात पुढे करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत : हे लोक पूर्वी काय खात होते? आपण देतो त्यात कोणत्या घटकाची उणीव आहे? आणि ते स्वतःच्या कष्टाची भाकरी केव्हा खाऊ लागतील? भुकेल्यास अन्न देणे हे पुण्यकर्म खरेच; पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत ते अपुरेच राहते, हे आपल्याच जुन्या जिल्ह्यातील ही वसाहत आपणांस शिकविते.