क्षेत्र २५ : नैराश्याचा पत्ता शोधताना

मधुमेह्याला साखरेचा आकडा दाखवता येतो, हाड मोडलेल्याला क्ष-किरणांचे चित्र. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाचे निदान मात्र आजही प्रश्नोत्तरांतूनच होते. झोप लागते का, भूक आहे का, कशात रस उरला आहे का, मरणाचे विचार येतात का, या उत्तरांना गुण देऊन आजाराची तीव्रता ठरवली जाते. औषधे बदलली, परंतु ही रीत फारशी बदललेली नाही. त्यामुळे जिवंत मेंदूचे कार्य टिपणारी यंत्रे हाती आली, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांच्या आशा पल्लवित होणे स्वाभाविक होते. आजार मेंदूत दिसला, तर त्यावर नेमही धरता येईल, असा हा विचार. या विचाराची कठोर परीक्षा झाली ती मेंदूच्या मध्यरेषेलगतच्या एका छोट्याशा पट्टीवर. तिचे नाव ‘क्षेत्र २५’.

हे नाव जुने आहे. कोर्बिनियन ब्रॉडमन या जर्मन शास्त्रज्ञाने मेंदूच्या बाह्यावरणातील पेशींची मांडणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १९०९ मध्ये मेंदूचा नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यातील विभागांना क्रमांक दिले. दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या जाड तंतुपट्ट्याचा पुढचा भाग जेथे गुडघ्यासारखा वाकतो, त्याच्या खालच्या बाजूस २५ क्रमांकाचे क्षेत्र येते. भूक, झोप, हृदयाचे ठोके यांच्याशी संबंधित खोलवरच्या केंद्रांशी त्याचे धागे जुळलेले आहेत. तसेच विचार, निर्णय आणि लक्ष यांच्याशी निगडित असलेल्या पुढच्या भागांशीही. नैराश्यात शरीर आणि मन एकाच वेळी खचते. हे ध्यानात घेतले, तर या जागेकडे संशोधकांचे लक्ष का गेले, हे कळते.

हेलन मेबर्ग या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने १९९९ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या क्षेत्राला महत्त्व आले. निरोगी माणसांना स्वतःच्या आयुष्यातील दुःखद प्रसंग आठवायला सांगून त्यांचे पेट स्कॅन घेण्यात आले. या तंत्रात अल्पायुषी किरणोत्सारी द्रव्य रक्तात सोडून मेंदूच्या कोणत्या भागात अधिक रक्त वाहते, हे पाहता येते. दुःख दाटून आले की क्षेत्र २५ मधला रक्तप्रवाह वाढत होता आणि कपाळामागच्या, विचाराशी निगडित भागातला कमी होत होता. औषधाने बऱ्या झालेल्या नैराश्याच्या रुग्णांत नेमके उलटे घडलेले दिसले. तराजूचे एक पारडे खाली जाताना दुसरे वर यावे, तसा हा प्रकार होता.

टोरोंटोतील सहा रुग्ण

येथून पुढचे पाऊल धाडसाचे होते. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत खोलवर तार बसवून सतत सौम्य विद्युत स्पंदने देण्याचे तंत्र फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून विकसित केले होते. ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ किंवा ‘डीबीएस’ या नावाने ते जगभर रुळले. कवटीला लहान छिद्र पाडून तारा इच्छित जागी नेल्या जातात, त्या त्वचेखालून मानेमार्गे छातीपर्यंत आणल्या जातात आणि गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरी बसवली जाते. हृदयाच्या पेसमेकरसारखीच ही व्यवस्था.

मेबर्ग, न्यूरोसर्जन आंद्रेस लोझानो आणि मनोविकारतज्ज्ञ सिडनी केनेडी यांनी टोरोंटो येथे हेच तंत्र क्षेत्र २५ च्या लगतच्या श्वेत तंतूंवर वापरले. निवडलेल्या सहा रुग्णांवर औषधांचा आणि मानसोपचाराचा उपयोग झालेला नव्हता. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण जागे होते. विद्युतप्रवाह सुरू केल्यावर आपल्याला हलके वाटत असल्याचे, आतली पोकळी नाहीशी झाल्याचे त्यांनी आपण होऊन सांगितले. खोली एकदम उजळल्याचे आणि रंग गडद झाल्याचे वर्णनही झाले. २००५ मध्ये ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात ही माहिती प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतरही सहापैकी चार रुग्णांची सुधारणा टिकून होती आणि पेट स्कॅनमध्ये क्षेत्र २५ शांत झाल्याचे दिसत होते.

सहा ही संख्या अर्थातच छोटी. शिवाय मेंदूची शस्त्रक्रिया, अद्ययावत यंत्र, डॉक्टरांची सतत देखरेख आणि बरे होण्याची उत्कट आशा या साऱ्यांचा मिळून एक परिणाम होतोच. त्याला वगळून विजेचा स्वतःचा वाटा किती, हे ठरवण्यासाठी आंधळी चाचणी लागते. अमेरिकेतील सेंट ज्यूड मेडिकल या कंपनीने ती हाती घेतली. तिचे नाव ‘ब्रॉडन’.

या चाचणीत ९० रुग्णांच्या मेंदूत तारा बसवण्यात आल्या. त्यांपैकी ६० जणांचे यंत्र सुरू केले, ३० जणांचे बंदच ठेवले. कोणाचे सुरू आणि कोणाचे बंद, हे रुग्णांना आणि त्यांची तपासणी करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. सहा महिन्यांनी हिशेब मांडला, तेव्हा यंत्र सुरू असलेल्यांपैकी १२ जणांनी, म्हणजे २० टक्क्यांनी, प्रतिसाद दिला होता. यंत्र बंद असलेल्यांपैकी ५ जणांनी, म्हणजे १७ टक्क्यांनी. हा फरक नगण्य होता. पुढे चालू ठेवूनही यश येण्याची शक्यता कमी असल्याचे अंतरिम विश्लेषणातून दिसल्याने २०१३ च्या सुमारास नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले होते. सविस्तर निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर ती फसलेल्या उपचारांच्या लांबलचक यादीत जमा झाली असती. परंतु आंधळा टप्पा संपल्यावर सर्वांचीच यंत्रे सुरू करण्यात आली आणि रुग्णांवर लक्ष ठेवले गेले. दोन वर्षांनी प्रतिसाद देणाऱ्यांचे प्रमाण ४९ टक्क्यांवर गेले होते आणि २६ टक्के रुग्ण जवळजवळ लक्षणमुक्त झाले होते. या टप्प्यात यंत्र सुरू असल्याचे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे हा पुरावा आंधळ्या चाचणीच्या तोडीचा नव्हे. तथापि वर्षानुवर्षे कशालाही दाद न देणारे नैराश्य केवळ आशेच्या बळावर दोन वर्षे उत्तरोत्तर कमी होत जाईल, हेही सहज पटण्याजोगे नाही. नेदरलँड्समधील एका गटाने मेंदूच्या वेगळ्या जागेवर डीबीएस करताना क्रमच उलटा ठेवला होता. २५ रुग्णांची यंत्रे वर्षभरापर्यंत वेळ घेऊन नीट जुळवली आणि मगच त्यांतील काहींची यंत्रे आळीपाळीने, न सांगता, बंद-चालू केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सुरू आणि बंद यांतला फरक स्पष्ट दिसला. ‘ब्रॉडन’ची सहा महिन्यांची मुदतच तोकडी होती, असे म्हणणाऱ्यांना यामुळे बळ मिळाले.

खूण नव्हे, तंतू

दुसरे स्पष्टीकरण स्कॅनमधूनच आले. एकाच जागी तारा बसवूनही काही रुग्ण बरे झाले आणि काही झाले नाहीत, असे का? पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने सरकतात, हे एमआरआयद्वारे टिपून मेंदूतील श्वेत तंतूंचे मार्ग रेखाटता येतात. ही चित्रे तपासली असता बऱ्या झालेल्यांच्या तारा चार तंतुजुडग्यांच्या संगमाला स्पर्श करीत असल्याचे मेबर्ग यांच्या गटाला आढळले. नकाशावरच्या एका ठिपक्यापेक्षा तेथून फुटणारे रस्ते महत्त्वाचे होते. मग प्रत्येक रुग्णाचे तंतू आधी रेखाटून त्याप्रमाणे तार बसवण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ११ पैकी ९ रुग्णांनी वर्षभरात प्रतिसाद दिला. संख्या पुन्हा लहान आणि तुलनेचा गट नाही, हे येथेही विसरता येत नाही.

२०२३ मध्ये ‘नेचर’ने याच प्रयत्नातील पुढचा टप्पा प्रसिद्ध केला. मेंदूत बसवलेली तार वीज देते तशी तेथील विद्युत लहरी नोंदवूही शकते. दहा रुग्णांपैकी नऊ जणांना २४ आठवड्यांत गुण आला आणि त्यांतील काहींच्या नोंदींत आजारपण व बरेपण वेगळे ओळखता येईल अशी खूण सापडली. एका रुग्णाचा आजार उलटला, तेव्हा ही खूण मुलाखतीतल्या गुणांपेक्षा काही आठवडे आधी बदलली होती. हे निरीक्षण मोठ्या संख्येवर टिकले, तर मनोविकारशास्त्राला प्रथमच साखरेच्या आकड्यासारखे काही हाती लागेल. सेंट ज्यूड ताब्यात घेतलेल्या ॲबट कंपनीने २०२४ मध्ये डीबीएसची नवी मोठी चाचणी सुरू केली. ‘ब्रॉडन’च्या अनुभवानंतर एखादी कंपनी पुन्हा या वाटेला जाते, हीच मोठी गोष्ट.

स्कॅनच्या रंगीत चित्रांविषयी येथे थोडे सांगायला हवे, कारण वृत्तपत्रांनीही त्यांना डोक्यावर घेतले आहे. फंक्शनल एमआरआयमध्ये दिसणारा लाल-पिवळा डाग म्हणजे विचाराचे छायाचित्र नव्हे. रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणात झालेल्या सूक्ष्म बदलांवर केलेल्या आकडेमोडीचा तो निकाल असतो. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एका मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’ आणि संख्याशास्त्रीय दुरुस्ती न केल्यास माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसते, हे सिद्ध केले. या विनोदी प्रयोगाला २०१२ मध्ये इग नोबेल मिळाले. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका विश्लेषणाने त्याहून गंभीर इशारा दिला. मेंदूची रचना आणि माणसाचे मानसिक गुणधर्म यांचा खात्रीशीर संबंध दाखवायला हजारो व्यक्तींचे स्कॅन लागतात. आजवरचे बहुतेक अभ्यास मात्र काही डझनांवर बेतलेले होते. स्कॅन पाहून एखाद्या व्यक्तीच्या नैराश्याचे निदान करता येत नाही. गाठ, रक्तस्राव किंवा अन्य शारीरिक कारण नाही ना, याची खातरजमा करण्यासाठी मनोविकारतज्ज्ञ एमआरआय सांगतात, ती गोष्ट वेगळी.

डोक्याबाहेरचे चुंबक

कवटी न उघडताही क्षेत्र २५ पर्यंत पोहोचता येईल का? इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये डोक्याबाहेर धरलेल्या वेटोळ्यातून क्षणिक चुंबकीय क्षेत्र निर्माण करून मेंदूत वीज उत्पन्न करून दाखवली होती. त्यातूनच ‘टीएमएस’ हा उपचार आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये नैराश्यासाठी त्याला परवानगी दिली. भूल लागत नाही, स्मृतीवर परिणाम होत नाही. डोके दुखणे ही नेहमीची तक्रार आणि झटका येणे हा विरळा धोका. डोक्यात धातूची वस्तू बसवलेली असेल, तर मात्र तो देत नाहीत.

या चुंबकाचा प्रभाव पृष्ठभागापासून काही सेंटीमीटरच पोहोचतो, क्षेत्र २५ त्याच्या आवाक्यात येत नाही. म्हणून डाव्या कपाळामागील भागावर वेटोळे ठेवतात. ती जागा शोधण्याची जुनी पद्धत मजेशीर वाटेल इतकी साधी होती. आधी अंगठा हलवणारा बिंदू शोधायचा आणि तेथून पाच सेंटीमीटर पुढे मोजायचे. प्रत्येकाचे डोके सारखे नसते, याचा तिला पत्ताच नव्हता. मायकेल फॉक्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असे दाखवले, की कपाळामागचा जो बिंदू क्षेत्र २५ च्या उलट तालावर चालतो, तेथे दिलेला उपचार अधिक लागू पडतो. मेबर्ग यांच्या प्रयोगातला तराजू येथे पुन्हा उपयोगी पडला.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने याच कल्पनेवर रुग्णागणिक स्कॅन घेऊन बिंदू ठरवला आणि दिवसाला दहा याप्रमाणे पाच दिवसांत पन्नास वेळा उपचार दिला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९ जणांच्या आंधळ्या चाचणीत चार आठवड्यांनी लक्षणे सरासरी ५२.५ टक्क्यांनी घटली. खोट्या उपचाराच्या गटात ही घट ११.१ टक्के होती. त्याच वर्षी या पद्धतीला अमेरिकेत मान्यता मिळाली. परंतु ब्रिटनमध्ये २५५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत स्कॅनमधील जोडण्यांनुसार ठरवलेला बिंदू आणि नेहमीच्या पद्धतीचे टीएमएस यांत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांतल्या रुग्णांना आराम पडला. त्या चाचणीत उपचार दिवसातून एकदाच होता. स्टॅनफर्डचे यश स्कॅनचे की दिवसाला दहा वेळा दिलेल्या मात्रेचे, हा प्रश्न त्यामुळे उघडाच राहतो. रुग्णाच्या खिशाच्या दृष्टीने तो बिनमहत्त्वाचा नाही, कारण खास एमआरआयचा खर्च वेगळा येतो.

भारतात बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील खासगी दवाखान्यांत टीएमएस मिळते. अतितीव्र नैराश्यात, विशेषतः रुग्ण अन्नपाणी सोडतो किंवा जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा धोका असतो तेव्हा, आजही सर्वांत प्रभावी मानला जातो तो १९३८ मध्ये रोममध्ये प्रथम वापरलेला विद्युत-उपचारच. हिंदी चित्रपटांनी बदनाम केलेला ‘शॉक’ तो हाच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावाचून देण्यास बंदी केली आहे. अल्पवयीन रुग्णांना पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी असल्याखेरीज तो देता येत नाही.

मनोविकारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची, तर हाच कायदा दोन गोष्टी मागतो : रुग्णाची स्वतःची, माहितीपूर्ण संमती आणि मंडळाची मान्यता. या कडकपणाला इतिहास आहे. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना मेंदूतील तंतू तोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी १९४९ मध्ये नोबेल मिळाले आणि नंतर तीच शस्त्रक्रिया हजारोंच्या आयुष्याची नासाडी करणारी ठरली. तार काढता येते, प्रवाह बंद करता येतो, हा डीबीएसचा मोठा फरक. तरीही जगण्याचीच इच्छा हरवलेला माणूस शस्त्रक्रियेतील धोक्याचा तोल कसा करील, बॅटरी संपल्यावर ती बदलण्याचा खर्च कोण उचलील आणि चाचणी बंद पडली तर डोक्यातल्या तारेची देखभाल कोणाकडे जाईल, हे प्रश्न संमतीपत्रावर सही होण्यापूर्वीच विचारले जायला हवेत. ‘ब्रॉडन’चा आंधळा टप्पा सहा महिन्यांत संपला, ज्यांना दोन वर्षांनी आराम पडला होता, त्यांना ते यंत्र त्यानंतरही लागणारच होते.