व्हॉलीबॉल हा मर्दानी खेळ आहे काय?

आमच्या महाविद्यालयातील अध्यापकांच्या खोलीत मागे एकदा वाद रंगला. वार्षिक क्रीडा-पारितोषिकांपैकी एक व्हॉलीबॉलच्या संघनायकास द्यावे, अशी सूचना येताच आमचे एक ज्येष्ठ सहकारी उसळून म्हणाले, "अहो, ज्यात धावणे नाही, प्रतिपक्षाशी अंग भिडणे नाही, निम्मा वेळ उभ्याउभ्याच जातो, त्याला का मर्दानी खेळ म्हणायचे? मग कबड्डीत गुडघे फोडून घेणाऱ्या पोराने काय करावे?" त्या वेळी मी गप्प बसलो. परंतु हा आक्षेप इतिहासाच्या दृष्टीने पाहू गेल्यास मोठा मनोरंजक आहे. कारण आमच्या सहकाऱ्यांना जो दोष वाटतो, तोच या खेळाच्या जनकाचा हेतू होता.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानात होलिओक नावाचे कागदाच्या गिरण्यांचे गाव आहे. तेथील वाय. एम. सी. ए. संस्थेत विल्यम मॉर्गन हा पंचविशीतला तरुण व्यायामशिक्षक होता. 1891 साली जवळच्याच स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथने बास्केटबॉल निर्माण केला होता व तरुण मंडळी त्याच्या नादी लागली होती. पण मॉर्गनच्या वर्गास येणारे व्यापारी व पेढीवाले गृहस्थ वयाने पोक्त, अंगाने सुखवस्तू. बास्केटबॉलची धावपळ आणि धक्काबुक्की त्यांना झेपेना. तेव्हा 1895 साली मॉर्गनने टेनिसचे जाळे तेवढे घेतले, ते साडेसहा फुटांवर, म्हणजे सामान्य माणसाच्या डोक्याच्या किंचित वर बांधले, आणि हातांनी चेंडू पलीकडे टोलवावयाचा खेळ बसविला. बास्केटबॉलचा चेंडू त्यासाठी जड, त्याच्या आतील फुगा फार हलका. म्हणून निराळा चेंडू मुद्दाम करवून घेतला. खेळाडू किती असावेत यास बंधन नव्हते, चेंडूस किती वेळा स्पर्श करावा यासही नव्हते. नाव ठेवले 'मिंटोनेट'! 1896 साली स्प्रिंगफील्डला प्रयोग पाहून हॅल्स्टेड नावाच्या प्राध्यापकाने आजचे नाव सुचविले. (प्राध्यापकांच्या सूचना क्वचित का होईना मान्य होतात, हे येथे नमूद करून ठेवतो.)

सारांश, पोट सुटलेल्या मंडळींना दम न लागता घाम यावा, यासाठी हा खेळ जन्मास आला. प्रस्तुत लेखक स्वतः त्याच वर्गातला असल्यामुळे मॉर्गनविषयी त्याला कृतज्ञताच वाटते.

परंतु खेळाची जात त्याच्या जन्मावरून ठरवावी काय? वाय. एम. सी. ए.च्या प्रचारकांनी हा खेळ पूर्वेकडे नेला आणि तेथे त्याचे स्वरूपच पालटले. 1916 च्या सुमारास फिलिपाईन्समधील खेळाडूंनी एक युक्ती काढली. एकाने चेंडू जाळ्यापाशी उंच उचलून द्यावा व दुसऱ्याने उडी घेऊन तो सर्व शक्तीने खाली हाणावा. या तडाख्याला ते 'बॉम्बा' म्हणत. त्या एका उडीने होलिओकचा संथ व्यायाम संपला. कारण वरून हाणणारा आला म्हणजे अडविणाऱ्यालाही उडावेच लागते, आणि मागच्याला जमिनीवर अंग झोकून द्यावे लागते. आज पुरुषांचे जाळे 2.43 मीटर उंच असते, आणि उत्तम खेळाडूची सर्व्हिस ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येते. अठरा मीटरांचे मैदान ओलांडावयास तिला पुरता एक सेकंदही लागत नाही. 'उभ्याउभ्या' जाणारा वेळ तो हाच!

तथापि या प्रश्नाचे खरे उत्तर जपानातील एका सूतगिरणीत मिळते. ओसाकाजवळील काइझुका येथे निचिबो कंपनीची गिरणी होती व तिच्यातील मुलींचा संघ दाइमात्सु हिरोबुमी हा शिक्षक तयार करीत असे. दिवसा मुली गिरणीच्या नोकरीवर. काम सुटले की सराव, तो मध्यरात्रीपर्यंत, कित्येकदा त्याच्याही पलीकडे. बुडाशी वजन असलेली, पाडली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली पाहून त्याला सुचले असे सांगतात, की चेंडूवर झेप घेऊन मुलीने जमिनीवर लोळण घ्यावी व त्याच वेगात उठून उभे राहावे. ही लोळण अंगवळणी पडेपर्यंत त्या किती वेळा आपटल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. लोक दाइमात्सुला 'राक्षस' म्हणत. 1962 साली मॉस्को येथे या मुलींनी रशियाला हरवून जगज्जेतेपद मिळविले. त्यानंतर शिक्षक व खेळाडू निवृत्त होऊ पाहत होते, पण ऑलिंपिकपर्यंत थांबा, असा लोकांचा आग्रह पडला. 23 ऑक्टोबर 1964 रोजी टोकियोत अंतिम सामना झाला. व्हॉलीबॉलचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश त्याच वर्षीचा. जपानने 15-11, 15-8, 15-13 असे तिन्ही डाव जिंकले, आणि टोकियोच्या परिसरातील सुमारे दोनतृतीयांश घरांत तो सामना दूरचित्रवाणीवर पाहिला गेला.

त्याच वर्षी एका अमेरिकन साप्ताहिकाने या सरावावर माणुसकी सोडल्याचा ठपका ठेवला होता. उलटपक्षी त्या खेळाडूंनी पुढे सांगितले, की आम्ही हे आपखुषीने केले. दोन्ही बाजू मला खोट्या वाटत नाहीत. मात्र देशाची इभ्रत, मालकाची नोकरी आणि स्वतःची हौस यांची गाठ पडल्यावर आपखुषी कोठवर आणि सक्ती कोठून, हे त्या मुलींना तरी नेमके सांगता आले असेल काय, याचा मला संशय आहे. संघनायिका कासाई मासाए त्या वेळी एकतीस वर्षांची होती. सरावापायी कोणा पुरुषाशी ओळख होण्यासही सवड मिळाली नाही, असे तिने पंतप्रधान सातो यांना सांगितले, आणि त्यांनीच पुढे तिचे लग्न जुळवून दिले.

ही हकीकत मी पुढे एका दुपारी चहा घेताना आमच्या सहकाऱ्यांना ऐकविली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, कप खाली ठेवला, आणि म्हणाले, "ठीक आहे, पारितोषिक द्या त्या पोराला. पण मला एक सांगा, मध्यरात्रीपर्यंत गिरणीतल्या मुलींनी असे आपटत राहायचे, तर मग त्याला खेळ तरी कशावरून म्हणायचे?"