वसतिगृहात साथ आली, तर मुलाला घरी आणावे का?

रात्री मुलीचा फोन येतो, "आई, आमच्या मजल्यावर चौघींना कांजिण्या आल्यात. मी उद्याच्या एसटीने घरी येऊ का?" घरात आजी आहे, वहिनीला सातवा महिना आहे. अशा वेळी बहुतेक आई-वडील लगेच म्हणतात, "ये." कधी ते बरोबर असते, कधी नसते. हे ठरते ते आजार कसा पसरतो, मुलीचा संपर्क कधी आला आणि घरी कोण आहे, या तीन गोष्टींवर.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. दोन्ही शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. साक्री, शिरपूर, यावल, धडगावकडची हजारो मुले शिक्षणासाठी घराबाहेर राहतात. ही माहिती त्यांच्या पालकांसाठी आहे.

साथ आल्यावर निर्णय कोण घेते?

एकाच वसतिगृहात थोड्या दिवसांत सारख्या लक्षणांचे अनेक रुग्ण दिसले, तर रेक्टर किंवा गृहपाल यांनी प्राचार्यांना आणि आरोग्य विभागाला कळवायचे असते. जळगाव आणि धुळे शहरांत महापालिकेचे आरोग्य अधिकारी, तर ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी यात लक्ष घालतात. रक्ताचे किंवा पाण्याचे नमुने घेणे, रुग्णांची यादी करणे, साथीचा उगम शोधणे ही कामे त्यांच्या पथकाची. विद्यापीठाने त्यांना माहिती द्यायची, आजारी मुलांसाठी वेगळ्या खोल्या द्यायच्या आणि वर्ग व परीक्षांचे काय ते ठरवायचे.

घरी पाठवणे की थांबवून ठेवणे?

दोन्ही उपाय कोविडच्या काळात वापरले गेले. मार्च २०२० च्या मध्यात राज्यातील महाविद्यालये बंद झाली आणि मुले घरी गेली. तेव्हा राज्यात रुग्ण मोजके होते. गर्दी होण्याआधीच ती टाळणे हा त्यामागचा हेतू होता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये धारवाडच्या एसडीएम वैद्यकीय महाविद्यालयात उलटे झाले. १७ तारखेच्या एका कार्यक्रमानंतर विद्यार्थी बाधित आढळू लागले. २५ तारखेला ६६ जण बाधित होते, दोनच दिवसांत हा आकडा २८१ वर गेला. बाधितांपैकी बहुतेकांचे लसीचे दोन्ही डोस झालेले होते. तिथे दोन वसतिगृहे सील करून सगळ्यांची तपासणी केली गेली. मुलांना तेव्हा गावोगावी पाठवले असते, तर बाहेरून बरी दिसणारी कित्येक मुले संसर्ग घेऊन घरी पोचली असती.

साथ आत शिरण्याआधी घरी पाठवणे उपयोगी ठरते. श्वासावाटे पसरणारा आजार आत पसरल्यावर मात्र सगळ्यांना एकदम घरी पाठवले, तर साथ गावोगाव पोचते.

आजार ओळखा, मग ठरवा

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. या काळात मूल बरे दिसते, पण आजार आत वाढत असतो.

- फ्लू: लक्षणे १ ते ४ दिवसांत. पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप आला नाही आणि तब्येत सुधारत असली, की वर्गात जाता येते. त्यानंतरही काही दिवस मास्क वापरावा.
- गोवर: साधारण १० ते १४ दिवसांत पुरळ. पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत रुग्णापासून इतरांना लागण होते.
- कांजिण्या: १० ते २१ दिवसांत. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत वेगळे राहावे.
- गालगुंड: १२ ते २५ दिवसांत. गालावर सूज आल्यापासून पाच दिवस वेगळे राहावे.
- कावीळ अ: १५ ते ५० दिवसांत. दूषित पाणी, अन्न आणि न धुतलेल्या हातांतून पसरते. डोळे पिवळे होण्याआधीच लागण होण्याचा धोका सर्वाधिक असतो.
- डेंग्यू: डास चावल्यापासून ४ ते १० दिवसांत. शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही.

कावीळ आणि जुलाबाच्या साथीत पहिला प्रश्न पाण्याचा असतो. टाकी कधी धुतली, क्लोरीन तपासले का, मेसमधील आचारी-वाढप्यांची तपासणी झाली का, हे विचारावे. फक्त वर्ग बंद करून अशी साथ थांबत नाही. डेंग्यूत साचलेले पाणी आणि उघड्या टाक्या शोधाव्या लागतात.

गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. तेव्हा शाळेत लस घेतलेली बरीच मुले आता महाविद्यालयात आहेत. कांजिण्या, गालगुंड आणि कावीळ अ यांच्या लसी मात्र सरकारी लसीकरणात नाहीत. म्हणूनच हे आजार वसतिगृहात सहज पसरतात. प्रवेश घेतानाच डॉक्टरांशी या लसींबद्दल बोलून घ्यावे.

मग त्या मुलीने घरी यावे का?

तिला कांजिण्या आधी होऊन गेल्या असतील किंवा लसीचे दोन्ही डोस झाले असतील, तर धोका खूप कमी आहे. नसतील, तर आधी डॉक्टरांना फोन करावा. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांच्या आत दिलेली लस आजार टाळू शकते किंवा सौम्य करू शकते.

संपर्क नुकताच आला असेल, तर पहिल्या आठवड्यात तिच्यापासून कोणाला लागण होत नाही. पण पुरळ दहाव्या ते एकविसाव्या दिवसात, म्हणजे ती घरी असताना उठू शकते, आणि त्याच्या एक-दोन दिवस आधीपासून इतरांना लागण होऊ शकते. घरात सातवा महिना असलेल्या वहिनीला कांजिण्या झालेल्या नसतील, तर मुलीने हे दिवस संपेपर्यंत वसतिगृहातच थांबावे, किंवा जिथे गरोदर बाई, तान्हे बाळ, कर्करोगाचे उपचार घेणारी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती नाही अशा घरी राहावे. मुलीशी भेट आधीच झाली असेल, तर वहिनीने लगेच आपल्या डॉक्टरांना कळवावे.

पुरळ उठलेल्या किंवा ताप असलेल्या मुलाने एसटी, रेल्वे किंवा वडापने प्रवास करू नये. जवळच्या रुग्णालयात दाखवावे. "देवी आल्या" म्हणून अंघोळ बंद करणे किंवा औषध टाळणे चुकीचे आहे. अंघोळ चालते, नखे कापावीत, ॲस्पिरिन देऊ नये.

घरी आणलेच असेल तर

वेगळी खोली नसेल, तर खिडकीजवळ किंवा ओसरीवर झोपण्याची सोय करावी. देखभाल एकाच माणसाने करावी, शक्यतो ज्याला तो आजार होऊन गेला आहे अशाने. टॉवेल आणि पाण्याचा पेला वेगळा ठेवावा. कावीळ किंवा जुलाब असतील, तर त्याने इतरांसाठी स्वयंपाक करू नये, शौचानंतर साबणाने हात धुवावेत, आणि सगळ्यांनी उकळलेले पाणी प्यावे.

मुले आजार का लपवतात?

माझ्या अनुभवात याचे कारण बहुतेक वेळा हजेरी आणि परीक्षा हे असते. ७५ टक्के हजेरी भरणार नाही, प्रॅक्टिकल बुडेल, वर्ष वाया जाईल, या भीतीने मूल गोळी घेऊन ताप दाबते आणि वर्गात जाऊन बसते. एकाच्या अशा वागण्याने साथ सगळ्या वर्गात पसरते. म्हणून आजारी विद्यार्थ्याला हजेरीत सवलत आणि परीक्षेची दुसरी संधी देणे हादेखील साथ रोखण्याचाच उपाय आहे.

कोविडच्या काळात याचा मोठा पेच झाला होता. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अंतिम वर्षाची परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही, पण राज्यांना परीक्षा पुढे ढकलण्यासाठी मुदत मागता येईल. परीक्षा पुढे जाऊ शकते, हे मुलाला नीट समजावून सांगा. आजाराची सूचना लेखी द्या, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा आणि पोच घ्या.

रेक्टरना विचारायचे पाच प्रश्न

१. आजाराचे निदान तपासणीने झाले आहे का?
२. आरोग्य विभागाला कळवले आहे का?
३. आजारी मुलांना वेगळी खोली आणि जेवण मिळते का?
४. रात्री तब्येत बिघडली तर रुग्णालयात कोण नेणार?
५. हजेरी आणि परीक्षेबद्दल लेखी सूचना कधी निघेल?

लगेच रुग्णालयात न्या

धाप लागणे, ओठ निळे पडणे, गुंगी किंवा बरळणे, झटके, मान ताठ होणे, तापात अंगावर जांभळे डाग, नाका-हिरड्यांतून रक्त, तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, लघवी खूप कमी होणे: यांपैकी काहीही दिसले तर घरी आणण्यात वेळ घालवू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. सल्ल्यासाठी १०४ हा आरोग्य विभागाचा क्रमांक आहे. अशा वेळी मुलाला जवळच्या रुग्णालयात पोचू द्या आणि तुम्ही थेट तिकडे निघा.