रिपोर्टवरचं एक ‘आर’

मागच्या वर्षी माझी आत्या आयसीयूत होती. ताप उतरेना म्हणून रक्ताचं कल्चर लावलं. रिपोर्टमध्ये बॅक्टेरिया नव्हता, यीस्ट होतं. नाव, कॅन्डिडा ऑरिस. खाली औषधांची यादी, आणि फ्लुकोनाझोलपुढे ‘आर’. म्हणजे रेझिस्टंट, हे औषध चालणार नाही. डॉक्टरांनी लगेच दुसरं औषध सुरू केलं. आत्या घरी आली. ते नाव आणि ते अक्षर कागदावर कुठून आलं, ते आज सांगतो.

फ्लुकोनाझोल १९९० साली अमेरिकेत मंजूर झालं. गोळीनं देता येतं, आणि आधीच्या ॲम्फोटेरिसिन बीसारखा किडनीला त्रास नाही. साहजिकच वापर वाढला. पण यीस्ट औषधाला दाद देतंय का, हे मोजायचं कसं? प्रत्येक लॅबची रीत वेगळी, एकीचा आकडा दुसरीशी जुळेना. १९९७ साली अमेरिकेत एक पद्धत पक्की झाली. औषध दर वेळी निम्मं निम्मं पातळ करत जायचं, आणि कमीत कमी किती औषधात यीस्टची वाढ थांबते ते बघायचं. इतकं साधं! पण त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवता आले.

आता ऑरिसकडे येऊ. २००९ साली जपानमध्ये सत्तरीच्या एका बाईंच्या कानात हे यीस्ट सापडलं. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान, म्हणून हे नाव. दोन वर्षांनी दक्षिण कोरियातून रक्तातल्या संसर्गाच्या तीन केसेस छापून आल्या. त्यातला एक नमुना तर १९९६ पासून जपून ठेवलेला होता!

मग आपली दिल्ली. २००९ ते २०११ या काळात दोन हॉस्पिटलांतल्या १२ रुग्णांच्या रक्तात ऑरिस मिळालं, आणि फ्लुकोनाझोलला ते दाद देत नव्हतं. डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हे प्रसिद्ध केलं. गंमत म्हणजे लॅबचं मशीन त्याला भलत्याच कॅन्डिडाचं नाव देत होतं, कारण त्याच्या यादीत ऑरिस नव्हतंच. पुढे देशातल्या २७ आयसीयूंमधले २०११-१२ चे नमुने तपासले, तर १९ ठिकाणी ऑरिस निघालं.

प्रश्न उरला, हे खरंच नवं, की आपणच आधी ओळखलं नाही? उत्तर जुन्या नळ्यांनी दिलं. ‘सेंट्री’ या जागतिक पाहणीत २००४ पासून साठवलेले १५ हजारांवर कॅन्डिडाचे नमुने पुन्हा पाहिले. ऑरिस निघाले फक्त चार, आणि त्यातला एकही २००९ च्या आधीचा नव्हता. म्हणजे पाहुणा खरंच नवा होता. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला सर्वांत गंभीर बुरशींच्या गटात टाकलं.

ही नळी जपून ठेवणारा, ‘आर’ची नोंद करणारा माणूस कुणाला दिसत नाही. पण त्यानं नुसतं ‘यीस्ट आढळलं’ लिहून फाइल मिटली असती, तर आत्याला बहुधा आधी फ्लुकोनाझोलच मिळालं असतं, आणि मोलाचे दिवस वाया गेले असते.

म्हणून एक सांगतो. घरातल्या कुणाच्या ब्लड कल्चर रिपोर्टवर नुसतं ‘यीस्ट’ दिसलं, तर डॉक्टरांना विचारा: “कुठलं यीस्ट? औषधांची चाचणी लावलीय ना?” चला, भेटू पुढच्या भागात!