साखर किती राखायची?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नीरा डावा कालवा आला, तसा ऊसही वाढला. पण जेथे पाणी अति झाले, तेथे क्षार वर येऊन जमिनी नापीक झाल्या. हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील अशा खारट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी सोडणे सोपे होते, ते किती सोडावे हे कळणे अवघड. अतिदक्षता विभागातील डॉक्टरांपुढे रक्तातील साखरेबाबत असाच प्रश्न उभा राहिला. त्याचा इतिहास आपण पाहू.

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर शरीरावर मोठा ताण असतो. ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, यकृत जास्त ग्लुकोज सोडते आणि मधुमेह नसलेल्या रुग्णाचीही साखर चढते. इन्सुलिन १९२२ पासून देता येऊ लागले, परंतु ते देताना साखर वारंवार मोजावी लागते. हे काम यंत्राकडे सोपवण्याचा प्रयत्न अमेरिकेत आर्नोल्ड कॅडिश यांनी १९६४ च्या सुमारास केला. १९७४ मध्ये टोरोंटो आणि जर्मनीतील उल्म येथे खाटेशेजारची यंत्रे तयार झाली. शिरेतून रक्त घ्यायचे, साखर मोजायची, हिशेबाने इन्सुलिन किंवा ग्लुकोज सोडायचे आणि पुन्हा मोजायचे, असे त्यांचे काम चाले.

पण यंत्राने कोणता आकडा राखायचा? २००१ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे व्हॅन डेन बर्ग यांनी १५४८ रुग्णांवर चाचणी केली. बहुतेक रुग्ण हृदयशस्त्रक्रियेचे होते. साखर ८० ते ११० मिलिग्रॅम राखली, तेव्हा अतिदक्षता विभागातील मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभर हा आकडा स्वीकारला जाऊ लागला. मात्र २००९ मध्ये ६१०४ रुग्णांच्या, अनेक देशांतील चाचणीत उलटे दिसले. काटेकोर गटात २७.५ टक्के रुग्ण दगावले, तर १८० पर्यंत साखर चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के. साखर फार उतरण्याचे प्रसंगही काटेकोर गटात बरेच जास्त होते. मेंदू ग्लुकोजवर चालतो आणि गुंगीतील रुग्ण चक्कर येते हे सांगू शकत नाही.

२०२३ मध्ये बेल्जियममध्येच ९२३० रुग्णांवर पुन्हा चाचणी झाली. या वेळी काटेकोर गटात इन्सुलिनची मात्रा संगणक सुचवत होता. साखर धोकादायकरीत्या क्वचितच उतरली, परंतु मृत्यूंत फरक पडला नाही. या रुग्णांना सुरुवातीचे दिवस शिरेतून पोषण दिले नव्हते. २००१ च्या रुग्णांना मात्र पहिल्यापासून शिरेतून बरेच ग्लुकोज मिळत होते. म्हणजे योग्य आकडा इतर उपचारांवरही अवलंबून असतो.

वर्गात एक प्रयोग करू. तळाशी भोक असलेला डबा नळाखाली धरा, आत एक रेघ आखा. एका विद्यार्थ्याने दर दहा सेकंदांनी पाहून तोटी फिरवावी, नंतर दर दोन मिनिटांनी. उशिरा पाहिले की पातळी कशी हेलकावते, ते दिसेल. मग विचारा: रेघ कोठे आखायची, हे तोटी सांगेल का?